गेनूने वाजवलेला नंबर

एका गावात एक भोळा गडी होता आणि त्याच्या हातात कॉम्प्युटर होता. पुढचं सगळं या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे झालं. नुसताच भोळा असता तर शेरडं राखली असती आणि मला ही गोष्ट सांगावी लागली नसती.

गड्याचं नाव गेनू. पिठाच्या गिरणीच्या मागे केशवनानांची रेकॉर्डिंगची खोली होती, तिथे तो कामाला होता. खोलीच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. गिरणी थांबली की रेकॉर्डिंग, गिरणी सुरू झाली की चहा. रिक्षावर फिरवायच्या जाहिराती, लग्नातली मंगलाष्टकं, जत्रेच्या नाटकातले आवाज, सगळं तिथेच बनायचं. नाना सांगायचे आणि गेनू ऐकायचा. ऐकण्यात गेनूचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. नाना जे सांगतील तेच तो करायचा. त्यापुढे डोकं चालवायचा नाही. घोटाळा होता तो तिथेच.

आता हा गेनू नानांकडे आला कसा, ते ऐका. हैबतीतात्यांची पोरगी वैजयंता त्याच्या मनात भरली होती. तिलाही तो आवडायचा. का आवडायचा ते मला विचारू नका, मीही गावात बऱ्याच जणांना विचारून बघितलंय. तात्या म्हणजे गावच्या नाटकमंडळाचे सर्वेसर्वा. नाटक कुठलंही असो, त्यात इनामदार असायचाच आणि तो तात्याच असायचे. गेनूची आई हौसाबाई एसटी स्टँडवर पीसीओ चालवायची. ती गेनूला घेऊन रीतसर मागणी घालायला गेली. तात्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"हौसाबाई, तुमच्या पोराने आजवर एक काम धड केलंय का? जत्रेपर्यंत नानांकडे टिकू दे. आमच्या नाटकाचे आवाज त्याच्या हातून नीट होऊ देत. मग बघू. नाहीतर तालुक्याला एक स्थळ आहे, तिकडे देऊन टाकतो पोरीला."

"मग बघू म्हणजे हो का?" गेनूने विचारलं.

"मग बघू म्हणजे मग बघू."

"कुणी बघायचं? मी का तुम्ही?"

तात्यांनी हौसाबाईकडे बघितलं. हौसाबाईने छताकडे बघितलं. गेनू दुसऱ्या दिवशी नानांकडे कामाला लागला.

पहिलं काम आलं पेठेतल्या साडीच्या दुकानाचं. जाहिरात खुद्द नानांनी म्हटली होती, पण नानांना दम्याचा त्रास, त्यामुळे मध्येमध्ये थांबले होते. नाना म्हणाले, "गेनू, जिथे आवाज नाही तिथे कापून टाक. रिकामी जागा ठेवायची नाही."

"कुठेच नाही?"

"कुठेच नाही."

गेनूने दिवसभर बसून कापलं. दम्याची धाप कापली. दोन वाक्यांमधली जागा कापली. दोन शब्दांमधलीही कापली. दुसऱ्या दिवशी रिक्षा गावातून फिरली, तेव्हा लोकांना फक्त 'बायांनोसाड्याआल्याचला' एवढं कळलं, तेही रिक्षा पुढे गेल्यावर. म्हाताऱ्यांना वाटलं काहीतरी पळापळ आहे. चार घरांनी जनावरं सोडली.

नानांनी कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, दोन आवाजांच्या मध्ये थोडी शांतता ठेवायची असते. शांतता असली तर माणसाला आवाज कळतो."

"हे आधी सांगायचं की," गेनू म्हणाला. "आता ठेवतो."

पुढचं काम लग्नाचं. गुरुजींचा घसा लग्नसराईत दरवर्षी पार बसायचा, म्हणून त्यांनी मंगलाष्टकं आधीच रेकॉर्ड करून ठेवली होती. ती साफ करायला गेनूकडे आली. गेनूने दोन आवाजांच्या मध्ये शांतता ठेवली. चांगली हात सैल सोडून ठेवली.

मांडवात अंतरपाट धरला. पहिलं कडवं रखडत संपत आलं आणि स्पीकर म्हणाला, "शुभ." मग गप्प झाला. लोकांना वाटलं झालं, त्यांनी अक्षता टाकल्या. स्पीकर म्हणाला, "मंगल." लोकांनी उरलेल्या अक्षता टाकल्या. स्पीकर म्हणाला, "साव." आता अक्षता संपल्या. "धान" आलं तेव्हा निम्मा मांडव खाली वाकून पडलेल्या अक्षता गोळा करत होता. आणि हे झालं पहिलंच कडवं. अंतरपाट धरणाऱ्या मामांच्या हातांना मुंग्या आल्या. त्यांनी अंतरपाट दोनदा खाली टेकवला, तेवढ्यात नवरानवरीने एकमेकांना पोटभर बघून घेतलं. मुहूर्त कुठल्या कुठे गेला.

नाना संध्याकाळी म्हणाले, "लोक ताटकळले रे. माझी अब्रू गेली. जे द्यायचं ते एकदम देऊन टाकावं, एक झाल्यावर दुसऱ्याची वाट बघत बसू नये."

"दोन गोष्टी असल्या तरी एकदम?"

"दहा असल्या तरी एकदम." नाना रागात होते. रागात माणूस आकडा मोठा सांगतो.

तुम्ही म्हणाल, नानांनी त्याला हाकलून का दिलं नाही. सांगतो. आधीचा पोरगा पुण्याला पळालेला, आणि नानांना कॉम्प्युटरची धास्ती. माऊस हातात घेतला की त्यांच्या तळहाताला घाम फुटायचा. शिवाय नानांना गेनूची माया होती. पोरगा भोळा आहे, पण त्याच्या पोटात पाप नाही, असं ते अनसूयाकाकूंना रोज जेवताना सांगायचे. अनसूयाकाकू म्हणजे नानांची बायको. त्या म्हणायच्या, "पाप नाही ते ठीक आहे, पण डोक्यात काय आहे ते बघा." काकूंची जीभ तिखट होती आणि हात जिभेपेक्षा तिखट.

तर, तिसरं काम. म्हणजे दोन कामं एकाच सकाळी आली. साडीवाल्याला नवी जाहिरात हवी होती, आणि वरच्या आळीतले दौलूअण्णा वारले होते. आमच्याकडे कुणी गेलं की रिक्षा फिरवून गावाला कळवतात. रिक्षा एकच होती. नानांनी दोन्ही आवाज भरले, गेनूकडे दिले आणि ते दौलूअण्णांच्या घरी भेटायला गेले. गेनूने विचार केला, दोन गोष्टी आहेत, म्हणजे एकदम. त्याने एक आवाज दुसऱ्यावर चढवला.

रिक्षा वरच्या आळीत आली ती अशी: "कळविण्यास अत्यंत दुःख होते की, बायांनो आनंदाची बातमी, वरच्या आळीतील दौलूअण्णा, एकावर एक फुकट, यांचे आज पहाटे, मर्यादित साठा, निधन झाले, त्वरा करा त्वरा करा."

दौलूअण्णांच्या दारात बायकांची रांग लागली. एक बाई पुढे येऊन रडणाऱ्या थोरल्या मुलाला म्हणाली, "मोरपंखी रंगात आहे का?" तिकडे पेठेत चार पाहुणे साडीच्या दुकानात शिरले आणि मालकाच्या गळ्यात पडून रडले. मालकाला त्यांना चहा पाजावा लागला.

त्या दिवशी नाना ओरडले नाहीत. ते गेनूच्या समोर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाळा, ज्याचं त्याच्या घरी गेलं पाहिजे. दुकानाचं दुकानात, मयताचं मयताच्या घरी. कुठलंही कुठेही पाठवायचं नाही. एवढं धर."

"ज्याचं त्याच्या घरी," गेनू म्हणाला. त्याने ते मनात पक्कं धरलं.

अशी जत्रा आली आणि नाटकाचं काम आलं. हे एक काम नीट झालं की वैजयंता आपली, नाही झालं की ती तालुक्याला. त्याला जेवण जाईना. हौसाबाईने त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.

तात्या स्वतः खोलीवर येऊन सांगून गेले. यंदाच्या नाटकात इनामदार दोनदा फोन करतो. पहिल्या अंकात तो नवऱ्यामुलाच्या आईला फोन लावून लग्न ठरवतो. दुसऱ्या अंकात तो कंगाल होतो आणि मुंबईच्या भावाला फोन लावतो, तर तिकडून बाईचा आवाज येतो की असा नंबरच अस्तित्वात नाही. "फोनची बटणं दाबल्याचा तो टूं टीं आवाज येतो ना, तो मला अस्सल पाहिजे," तात्या म्हणाले. "मी बटणांवर नुसतं बोट फिरवणार. खरं दाबलं तर माईकमध्ये टकटक येते. आवाज तुमचा. आणि फोनही खरा दिसू दे. गेल्या वर्षी मागे वायर नुसती लोंबत होती, लोक हसले. यंदा वायर कुठेतरी गेलेली दिसली पाहिजे."

गेनूने मान डोलावली.

बाईच्या आवाजासाठी वैजयंताच आली. गिरणी थांबल्यावर माईकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आपण लावलेला नंबर अस्तित्वात नाही. कृपया नंबर तपासून पुन्हा लावा." इतकं गोड म्हणाली की गेनूने ते परत परत ऐकलं. आपल्यालाच सांगतेय असं त्याला वाटत होतं. जाताना ती दारात थांबली. "गेनू, आवाज नीट कर रे. बाबा शब्दाचे पक्के आहेत, होकाराचेही आणि नकाराचेही."

मग टूं टीं राहिलं. "हा आवाज आणायचा कुठून?" त्याने नानांना विचारलं.

"आणायचा नाही. कॉम्प्युटरच बनवतो. टोनची खिडकी उघड, नंबर टाक, आकडा किती वेळ वाजायचा ते सांग, दोन आकड्यांच्या मध्ये किती शांतता ते सांग."

"मध्ये शांतता ठेवायची?"

"इथे ठेवायची. नाहीतर आकडे एकमेकांना चिकटतात."

"आणि एकदम काही द्यायचं का?"

"इथे सगळं एकदमच असतं बघ. एकेका आकड्यात दोन सूर असतात, एक खालचा, एक वरचा. दोन्ही एकदम वाजले की एक्सचेंजला कळतं कुठला आकडा ते. एक्सचेंजला आपलं बोट थोडंच दिसतं? त्याला नुसता आवाज ऐकू जातो."

गेनूला फार बरं वाटलं. आजवर शिकलेलं सगळं इथे जसंच्या तसं लागू पडत होतं. खरं तर नानांनी घाबरायला हवं होतं ते इथेच. पण तेवढ्यात गिरणी सुरू झाली आणि नाना चहाला गेले.

आता नंबर कुठला टाकायचा? गेनूने विचार केला. ज्याचं त्याच्या घरी. इनामदार फोन लावतो नवऱ्यामुलाच्या घरी. नवरामुलगा कोण? देवाच्या दयेने मीच. त्याने आईच्या पीसीओचा नंबर टाकला. कॉम्प्युटरने टूं टीं बनवून दिलं. खात्री करायला म्हणून त्याने खोलीतल्या फोनचा रिसीव्हर उचलला, स्पीकरपुढे धरला आणि आवाज वाजवला. पलीकडे घंटी गेली.

"हॅलो, पीसीओ," हौसाबाई म्हणाली.

"आई, मी. लागतोय का बघत होतो."

"लागला."

"बरं."

फोनचंही त्याने चोख केलं. रंगमंच ग्रामपंचायतीच्या भिंतीला लागूनच होता. पंचायतीचा फोन त्याने उचलून आणला, लांब वायर जोडली, आणि ती वायर कुठेतरी गेलेली दिसावी म्हणून पंचायतीच्या खिडकीतून आत नेऊन जिथे मुळात होती तिथेच खोचली. सरपंचांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्या फोनचा आवाज एवढा मोठा होता की समोरचा बोलला की शिपायालाही कळायचं.

नाटक दुपारी तीनला सुरू झालं, कारण सहाला लाईट जायची. अख्खं गाव लोटलं होतं. पहिल्या रांगेत सरपंच आणि अनसूयाकाकू, बायकांच्या बाजूला वैजयंता. हौसाबाई मात्र स्टँडवरच होती, जत्रेच्या दिवशी पीसीओ बंद ठेवून कसं चालेल? गेनू रंगमंचाच्या कडेला कॉम्प्युटर घेऊन बसला. नानांनी शेवटचं बजावलं, "रंगमंचावर सगळे गप्प झाले की समजायचं, तुझी वेळ आली. पुढचं बटण दाबायचं. शांतता पडू द्यायची नाही."

इनामदार आले. टाळ्या पडल्या. इनामदारांनी रिसीव्हर उचलला, बटणांवर ऐटीत बोट फिरवलं आणि गप्प झाले. गेनूने बटण दाबलं. स्पीकरमधून टूं टीं आवाज इतका अस्सल निघाला, की मागच्या रांगेतली माणसंही वाहवा म्हणाली. रिसीव्हरनेही तो ऐकला. एक्सचेंजनेही ऐकला. घंटी गेली.

"हॅलो, पीसीओ," फोन म्हणाला. वर टांगलेल्या माईकने ते सगळ्या गावाला ऐकवलं.

तालमीत हे वाक्य नव्हतं. पण तात्या मुरलेले नट. नानांनी काहीतरी सुधारणा केली असेल, असं धरून ते पुढचं वाक्य बोलले.

"नवऱ्यामुलाच्या मातोश्री का?"

"हो. कोण, तात्या का?"

"आम्ही इनामदार बोलतोय."

"आवाज तात्यांचा वाटतोय."

लोक हसले. तात्यांच्या कपाळावर घाम आला, कारण आवाज आता त्यांनीही ओळखला होता. पण विंगेतून प्रॉम्प्टर पुढचं वाक्य ढकलत होता, आणि तीस वर्षांची सवय, पुढचं वाक्य ऐकलं की तात्यांच्या तोंडून ते निघायचंच.

"आमची कन्या आम्ही आपल्या चिरंजीवांना दिली. इनामदार एकदा बोलला की बोलला. सुपारी केव्हा फोडायची ते सांगा."

पलीकडे हौसाबाईचा आवाज भरून आला. "तात्या, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. आत्ताच फोडू. कुलूप लावते आणि आले. नारळ वाटेत घेते."

फोन ठेवल्याचा आवाजही सगळ्या गावाने ऐकला.

इकडे सरपंच उठून उभे राहिले होते. "तो फोन पंचायतीचा आहे. कुणाला पाहिजे होता तो?" नाना धावत गेनूपाशी आले. पोरावर आलं तर पोराचं लग्न गेलं, हे त्यांना कळत होतं. ते कानात म्हणाले, "तू तोंड उघडू नकोस. आता कुणी काहीही विचारलं तरी एवढंच म्हणायचं, मला काही नको, मी फक्त बटणं दाबतो, नानांना पाहिजे. पुढचं मी निस्तरतो. आणखी एक शब्द बोलायचा नाही."

"कुणीही विचारलं तरी?"

"प्रत्यक्ष देव आला तरी."

स्टँड काही लांब नव्हता. हौसाबाई आली ती थेट रंगमंचावर चढली. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात साखरेचा पुडा, कमरेला पीसीओची किल्ली. "आले हो," ती म्हणाली. गावाने टाळ्यांचा कडकडाट केला. मागून कुणीतरी ओरडलं, "इनामदार एकदा बोलला की बोलला." तात्यांची मिशी एका बाजूने सुटली होती, ती त्यांनी बोटाने दाबून धरली. सुटायचं कसं ते त्यांना कळेना.

"पोरीला नको का विचारायला?" ते म्हणाले. "वैजयंता, तुझं काय म्हणणं?"

वैजयंता उठून उभी राहिली. तिने मान खाली घातली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. गाव गप्प झालं. रंगमंच गप्प झाला. गेनूने बघितलं, शांतता पडलीये. त्याने पुढचं बटण दाबलं.

"आपण लावलेला नंबर अस्तित्वात नाही," वैजयंताचा आवाज गावभर घुमला. "कृपया नंबर तपासून पुन्हा लावा."

तात्यांचा जीव भांड्यात पडला. "ऐकलंत ना. पोरीचा नकार आहे."

"पुन्हा लावा म्हणतेय की ती," हौसाबाई म्हणाली.

वैजयंताने मान वर केली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता, अर्धा लाजेने, अर्धा रागाने. "बाबा, ते मशीन बोललं. मी अजून बोललेच नव्हते. आता बोलते. मला गेनूशीच लग्न करायचंय. तो कसाही असला तरी."

आता मात्र बायकांनी पदराने डोळे टिपले. सरपंच फोनचं विसरून खाली बसले. नानांना रडूच आलं. आणि तात्या, कसेही असले तरी बापच. एकुलती एक पोर सगळ्या गावासमोर इतक्या धिटाईने बोलली, हे बघून त्यांचा राग उतरला. त्यांनी इनामदारी फेटा काढून बाजूला ठेवला. "बरं बाई. तुझ्या सुखाच्या आड मी येत नाही."

मग ते कडेला वळले. "गेनू, असा पुढे ये. माईकसमोर उभा राहा. मी आता इनामदार नाही, वैजयंताचा बाप म्हणून विचारतोय. सगळं गाव साक्षीला आहे. माझी लेक तुला बायको म्हणून पाहिजे का? एवढंच सांग, की मी नारळ हातात घेतो."

गेनू पुढे आला. वैजयंता त्याच्याकडे बघत होती. त्याच्या घशापर्यंत 'हो' आलं होतं. पण त्याने एकदा नानांकडे बघितलं. नाना डोळे पुसत हसत होते आणि बोल, बोल म्हणून मान हलवत होते. कुणीही विचारलं तरी, गेनूला आठवलं. तात्या तर विचारतच होते. तो ताठ उभा राहिला आणि माईकमध्ये खणखणीत आवाजात म्हणाला,

"मला काही नको. मी फक्त बटणं दाबतो. नानांना पाहिजे."

पहिल्या रांगेत अनसूयाकाकू उठल्या. त्यांनी पदर खोचला. त्यांची खुर्ची लोखंडी होती, घडीची. ती त्यांनी आधी नीट मिटली, आणि मग ती घेऊन त्या रंगमंचाच्या पायऱ्या चढू लागल्या.